पडद्यावरची पृथ्वी आणि विहिरीतला तांबडा पट्टा



गाळप किती झाले, उतारा किती पडला, खोडव्याला खताचा दुसरा हप्ता केव्हा द्यावा, ही सर्व माहिती शेतकी खात्याने या अंकात इतरत्र दिलेलीच आहे. माझा विषय निराळा आहे. गेल्या हंगामात, जानेवारी महिन्यात, आपल्या कार्यस्थळावरील सभागृहात साखरशाळेच्या आणि कॉलनीतल्या मुलांना एक चित्रपट दाखविण्यात आला. पृथ्वी कशी झाली आणि तिच्यावर जीव कसे आले, हे हलत्या चित्रांतून दाखविणारा तो बावीस-तेवीस मिनिटांचा तुकडा. त्यावरून पुढे पुष्कळ बोलणे झाले. शाळा समितीकडे एक तक्रार अर्जही आला. तेव्हा नेमके काय दाखवले, का दाखवले आणि त्यात कुठे चुकले, ते सभासदांपुढे मांडावे म्हणून संपादक मंडळाने मला चार पाने दिली आहेत. मी जन्मभर शास्त्र विषयाचा मास्तर, त्यामुळे चारची पाच पाने झाल्यास सांभाळून घ्यावे.

प्रथम त्या चित्रपटाविषयी. मिकी माऊस काढणारा वॉल्ट डिस्ने सर्वांना ठाऊक आहे. त्याने १९४० साली अमेरिकेत ‘फँटेशिया’ नावाचा चित्रपट काढला. त्यात गोष्ट अशी नाही. पाश्चात्य संगीताचे मोठमोठे तुकडे घेऊन त्यांवर चित्रे हलवली आहेत. त्यातला एक तुकडा स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराचा. हे संगीत मूळचे १९१३ सालचे, पॅरिसला नाचाबरोबर प्रथम वाजले तेव्हा थिएटरात आरडाओरडा झाला होता. मूळ नाच जुन्या काळच्या रानटी लोकांच्या वसंतातल्या बळीचा होता. डिस्नेने तो सोडून दिला आणि त्याच संगीतावर पृथ्वीचा जन्म चितारला. (संगीतकाराला हे पुढे फारसे रुचले नाही, तो भाग वेगळा.) हा तुकडा मुलांना शिकवायला इतका सोयीचा वाटला की १९५५ साली तो सुटा काढून शाळांसाठी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर वेगळा देण्यात आला.

आता आपण म्हणाल, ऐंशी वर्षांपूर्वीचे जुने सामान कशाला? आज मोबाईलवर याहून झकपक चित्रे मिळतात. खरे आहे. पण त्यांत एक माणूस इंग्रजीत किंवा हिंदीत सारखा बोलत असतो. हा तुकडा सुरू झाला की एक शब्द नाही, नुसते वाद्यवृंदाचे संगीत. आणि आपल्या साखरशाळेत बसणारी मुले कोण? बीडकडची आहेत, काही तांड्यांवरची आहेत. घरी त्यांची बोली निराळी आणि शाळेतली पुस्तकी मराठी त्यांना परकी वाटते. कॉलनीतल्या इंजिनिअरचा मुलगा आणि टोळीतल्या कोयत्याचा मुलगा एका सतरंजीवर बसून एकच गोष्ट सारखीच समजून घेतील, असे साधन मला सव्वीस वर्षांत दुसरे मिळाले नाही.

संध्याकाळी सातला सभागृहातले दिवे मालवले. बाहेर मिलचा आवाज चालूच होता, मळीचा वास नेहमीसारखा. पुढे लहान मुले, मागे मोठी, आणि भिंतीला टेकून दहा-बारा सभासद मंडळी. ती पेमेंटची चौकशी करायला आली होती आणि “बघू तरी काय हाय” म्हणून थांबली.

पडदा काळा होता. मग त्यात दूरवर तारे, तेजाचे ढग फिरताना दिसले. त्यांतून एक लाल ठिपका मोठा होत होत आपल्याकडे येतो, ती पृथ्वी. जवळ गेल्यावर सगळा ज्वालामुखीचा कल्लोळ आहे. जमीन फुटते, लाव्हा उसळतो, चिखलाचे बुडबुडे येतात आणि फुटतात. मागून एका सभासदाचा आवाज आला, “आरं ही तर गुळाची काहील!” सगळे हसले. पण मंडळी, उपमा नेमकी बसली. त्या चित्रकारांनी ते बुडबुडे नुसत्या कल्पनेने काढले नव्हते. ओटची खीर, चिखल आणि कॉफीचा चोथा एकत्र कालवून त्यात नळीने हवा सोडली आणि त्याचे फोटो काढून त्यावरून चित्रे केली. सरड्याच्या जातीचे मोठे प्राणी आणि सुसरीचे पिल्लू स्टुडिओत आणून त्यांची चाल पाहिली. तारे कसे दिसतात ते माउंट विल्सनच्या वेधशाळेतून समजून घेतले. सल्ला देणारेही साधे नव्हते. विश्व पसरते आहे याचा पुरावा देणारा एडविन हबल, जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले, आणि टी. रेक्स नावाच्या राक्षसी सरड्याची हाडे १९०२ साली अमेरिकेत पहिल्यांदा खणून काढणारा बार्नम ब्राऊन ही मंडळी त्यात होती.

पुढे पाऊस पडतो, समुद्र होतो. समुद्रात एकपेशी जीव दिसतात. एकाचे दोन, दोनाचे चार. मग छत्रीसारखे झुळझुळणारे जीव, मग मासे. एक मासा चिखलावर सरपटत वर येतो. मग एकदम डायनोसॉर. पाणवठ्यावर चरणारे, आकाशात उडणारे. आणि मग वादळी पावसात टी. रेक्स येतो. पुढची सगळी पोरे मागे सरकली. एक लहानगी तर रडायलाच लागली, तिला तिची बहीण बाहेर घेऊन गेली. टी. रेक्सची पाठीवर ढालीसारख्या पाट्या असलेल्या स्टेगोसॉरसशी लढाई होते, आणि स्टेगोसॉरस मरतो.

नंतर पाऊस थांबतो. सूर्य तापतो, तळी आटतात. ते अवाढव्य प्राणी धुळीतून रांगेने पाण्याच्या शोधात चालत जातात, एकेक कोसळतो. सभागृहात तेव्हा कुणी हसत नव्हते. पाचवीतला एक मुलगा, टोळीतला, वर्गात कधी तोंड न उघडणारा, माझ्या शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, “गुरुजी, हे आमच्या गावाकडचं हाय.”

मी काहीच बोललो नाही. काय बोलणार? पाण्यावाचून ढोरे आणि माणसे रांगेने गाव सोडून जातात, हे त्याने पाहिलेले होते. किंबहुना म्हणूनच तो आपल्याकडे आला होता.

चित्रपट संपल्यावर दिवे लागले आणि त्याच मुलाने दुसरा प्रश्न विचारला. “माणूस कुठंय ह्यात?”

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्या तुकड्यात माणूस नाही. मूळ बेत तसा नव्हता. पुढे सस्तन प्राणी, मग आदिमानव, त्याला विस्तव सापडला, इथपर्यंत गोष्ट न्यायची होती. ते सर्व गाळले. का गाळले, ते त्याच स्टुडिओत काम करणाऱ्या जॉन हब्ली या चित्रकाराने नंतर सांगितले. माणूस इतर प्राण्यांतून आला असे दाखवले तर धर्माभिमानी मंडळी रागावतील ही धास्ती होती. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९२५ साली एका शाळामास्तरावर उत्क्रांती शिकविली म्हणून खटला भरला होता आणि त्याला शंभर डॉलर दंड झाला होता. तो कायदा १९६७ पर्यंत तिथे चालू होता. म्हणजे अणुबॉम्ब बनवणाऱ्या, चंद्रावर माणूस पाठवण्याची तयारी करणाऱ्या देशातही मास्तरला हे शिकवताना इकडे-तिकडे पाहावे लागत होते.

आपल्याकडे तरी काय निराळे घडले? २०२३ साली देशपातळीवरच्या दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि त्याविरुद्ध अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्रक काढले. आपल्या राज्य मंडळाचे दहावीचे जे पुस्तक २०१८ साली आले, त्यात मात्र दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चित्रपटानंतर आठच दिवसांत तो अर्ज आला. एका पालकाने लिहिले होते, “आमच्या मुलांस माकडाची अवलाद आहे असे शिकविण्यात येते, ते बंद करावे.”

गंमत अशी, की ज्या चित्रात माणूसच नाही, माकडही नाही, त्यावर ही तक्रार! पण मी ती हसण्यावारी नेली नाही. त्या गृहस्थांना शाळेत बोलावले, चहा दिला, दहावीचे पुस्तक समोर ठेवले. मग म्हटले, “आपल्या भावकीत तुमचा चुलतभाऊ आहे. तो तुमचा बाप आहे का?”

“ते कसं काय?”

“मग नातं कसं लागतं?”

“आजा एक हुता की.”

“तसंच. आजचं माकड आपला बाप नाही, आजा नाही, लांबची भावकी आहे. दोघांचाही पणजा-खापरपणजा कधीकाळी एक होता. पुढे वाटण्या झाल्या. सातबारा निराळा झाला, घर निराळं झालं, चेहरेमोहरेही निराळे झाले.”

त्यांनी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाले, “गुरुजी, मला हे काय पटत न्हाय. पर परीक्षेला येतंय म्हणताय तर शिकवा.” अर्ज परत घेतला. यापेक्षा मोठा विजय मला मिळालेला नाही, आणि मिळाला असे मी सांगणारही नाही.

खरी कसोटी मात्र दुसऱ्याच एका सभासदाने घेतली. हे वयोवृद्ध गृहस्थ, सत्तरीच्या पुढचे, कारखान्याचे जुने भागधारक. चित्रपट संपल्यावर ते सरळ उठून पुढे आले. “गुरुजी, समदं झ्याक हाय. पर मला येक सांगा. हे खरं कशावरनं? कोण बघाय गेलतं?”

मंडळी, सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने इतका सरळ विचारला नव्हता. मुले पाठ करतात. हा माणूस पुरावा मागत होता. एकाही शब्दाशिवाय चालणाऱ्या चित्रपटाचा हाच मोठा दोष आहे. तो दाखवतो, पण ‘हे आम्हांस कसे कळले’ ते सांगत नाही. पडद्यावर पृथ्वीचा जन्म आणि पडद्यावर हनुमंताचे उड्डाण ही दोन्ही चित्रेच. पाहणाऱ्याला फरक काय कळणार?

म्हणून त्यांना उभ्या उभ्या जे सांगितले ते येथे थोडे सविस्तर लिहितो. काही खडकांत युरेनियम नावाचे द्रव्य असते. ते आपोआप, ठरलेल्या गतीने, झिजत झिजत शेवटी शिसे होते. आज जितके युरेनियम आहे त्याचे निम्मे उरायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. ऊन लागो, पाऊस लागो, ही गती बदलत नाही. मग खडकात शिसे किती झाले आणि युरेनियम किती उरले हे मोजले, की खडकाचे वय निघते. चिपाडाचा ढीग पाहून किती ऊस गाळला ते आपला चिटबॉयही सांगतो, तसाच हा हिशेब. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आकाशातून पडलेल्या उल्कापाषाणातले शिसे असे मोजून १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे काढले. आज ४५४ कोटी धरतात. म्हणजे चित्रपट निघाला तेव्हा हा आकडा कोणाच्याच हातात नव्हता. कोणी पाहायला गेले नव्हते, पण हिशेबाची वही दगडातच ठेवलेली होती.

म्हातारबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माज्या हिरीत बत्तीस फुटावर तांबडा पट्टा हाय. वर काळा फत्तर, खाली काळा फत्तर, मदी हातभर तांबडी माती. सुरुंग लावताना बापानं दावला हुता. तवापास्नं मी इचार करतुया, दगडाच्या पोटात माती गेली कशी?”

मला खुर्चीवर बसावेसे वाटले. कारण या एका पट्ट्यात सगळा धडा आहे.

आपल्या पायाखालचा काळा फत्तर म्हणजे लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहिला. चित्रपटातल्यासारखा डोंगराच्या टोकातून नव्हे, भेगांतून, पुरासारखा. एकावर एक असे अनेक थर आले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख या खडकाने झाकलेला आहे आणि सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. गड-किल्ल्यांच्या कड्यांवर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात ते हेच थर. एक थर येऊन गेला की मध्ये पुष्कळ काळ जाई. वरचा दगड ऊन-पावसाने कुजे, त्याची तांबडी माती होई. त्यावर पुढचा लाव्हा येई आणि ती माती भाजून दाबली जाई. म्हणजे म्हातारबांच्या विहिरीतला पट्टा ही एके काळची उघडी जमीन आहे. त्यावर पाऊस पडलेला आहे. आणि वरची आपली काळी रान, जिच्यावर आपण ऊस घेतो, जिच्या जोरावर हा कारखाना उभा आहे, तीही याच फत्तराची कुजून झालेली. काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग फत्तर. विहीर पाडलेल्या प्रत्येक माणसाला हा क्रम तोंडपाठ असतो. तो भूगर्भशास्त्र शिकलेला असतो, फक्त त्याला कुणी तसे सांगितलेले नसते.

आणि आता त्या चित्रपटाची सर्वांत मोठी चूक. डायनोसॉर तहानेने मेले, असे तिथे दाखवले आहे. १९४० साली तो अंदाज मान्य होता. १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळेच सांगितले. त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम नावाचा धातू फार सापडतो, तो पृथ्वीच्या वरच्या थरात विरळ आणि उल्कांत जास्त असतो. सबब एक प्रचंड अशनी, सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा, येऊन आदळला असला पाहिजे. १९९१ साली मेक्सिकोत त्याचे जमिनीखाली बुजलेले विवर ओळखले गेले, सुमारे १८० किलोमीटर रुंद. धुळीने आणि काजळीने सूर्य झाकला, झाडे मेली, झाडांवर जगणारे मेले, त्यांवर जगणारे मेले. आणि याच सुमारास आपल्या दख्खनचा लाव्हाही वाहत होता, त्याचा धूर हवेत जात होता. त्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण त्या मोठ्या मरणाच्या वेळचा साक्षीदार आपल्या विहिरीत उभा आहे, एवढे नक्की. डायनोसॉरही काही परदेशातच नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्यांचे अवशेष, अगदी शेणाचे झालेले दगडसुद्धा, सापडलेले आहेत.

दुसऱ्या चुका लहान आहेत पण मुलांना त्याच आवडल्या. टी. रेक्सच्या हाताला दोन बोटे होती, चित्रात तीन काढली आहेत. सगळे प्राणी शेपटी जमिनीवर फरफटतात, प्रत्यक्षात ते ती उचलून धरीत. १९९६ साली चीनमध्ये पिसांचा डायनोसॉर सापडला, तेव्हापासून पक्षी हे त्यांचेच वंशज ही गोष्ट बहुतेकांनी मान्य केली. कॉलनीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी सांगत आली, “सर, आमच्या कोंबडीचे पाय मी नीट बघितले, तसेच आहेत.” याला म्हणतात अभ्यास.

आणि ती लढाई. ती कधी होऊच शकत नव्हती. हे दाखवायला मी सुतळी वापरली. ४५ मीटर ४० सेंटिमीटर सुतळी मोजून घेतली आणि सभागृहापासून केनयार्डच्या रस्त्यापर्यंत ताणली. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे. एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आज. जिवाच्या पहिल्या खुणा सुरुवातीपासून दहा मीटरवर मिळतात, म्हणजे शेवटापासून पस्तीस मीटर. पुढचे सुमारे तीस मीटर डोळ्याला दिसेल असे फारसे काही नाही, जवळजवळ सगळे सूक्ष्म जीव. चित्रपटात त्यांना जेमतेम मिनिट-दोन मिनिटे दिली आहेत, पण हवेतला प्राणवायू साठला तो त्यांच्यामुळेच. जमिनीवर चढणारा मासा शेवटापासून ३ मीटर ७० सेंटिमीटरवर. डायनोसॉर सव्वादोन मीटरवर सुरू आणि ६६ सेंटिमीटरवर संपले. त्यात स्टेगोसॉरस दीड मीटरवर, टी. रेक्स ६८ पासून ६६ सेंटिमीटरवर. दोघांमध्ये ऐंशी सेंटिमीटर! टी. रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा. आणि माणूस, आपली जात, शेवटचे तीन मिलिमीटर. शेती त्यातल्या एका मिलिमीटरचा दहावा भाग. १९५० साली प्रवरानगरला सुरू झालेली सहकारी कारखानदारी कुठे दाखवायची, असे एका संचालकांनी विचारले. मी म्हटले, साहेब, त्याला सुतळीचा धागा पुरणार नाही, सुईचे टोकही जाड होईल.

एक गोष्ट मात्र चित्रपट पाहून मुलांच्या डोक्यात हमखास चुकीची बसते, तिचा बंदोबस्त करावा लागतो. तो मासा धडपडत वर येतो ना, ते पाहून मुले म्हणतात, माशाला चालायचे होते म्हणून पाय फुटले. तसे नाही. हे समजावायला शेतकऱ्याच्या मुलाइतका चांगला विद्यार्थी नाही, कारण त्याला ऊस माहीत आहे. आपण टिपरी लावतो. टिपरीतून येणारा ऊस हुबेहूब आईसारखा, सगळे रान एका साच्यातले. म्हणून काणी आली की सगळ्या फडाला सारखीच धरते. पण तुऱ्याचे बी पेरले तर? प्रत्येक रोप निराळे. एक जाड, एक बारीक, एक गोड, एक पचपचीत, एखादे रोगाला न जुमानणारे. कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले, तिथे बार्बर आणि व्यंकटरामन यांनी आपला गोड ऊस आणि नदीकाठी वाढणारे रानटी गवत, उसाचीच भावकी, यांचा संकर केला. त्या बियांच्या रोपांतून निवडून १९१८ साली को २०५ ही जात दिली. आपण लावतो तो को ८६०३२ हाही असाच हजारो रोपांतून निवडलेला, १९९६ साली पाडेगावहून आपल्या राज्यासाठी प्रसारित झालेला. रोपाने ‘मला गोड व्हायचे’ असे ठरवले नव्हते. रोपे निरनिराळी होती, निवडणारा माणूस होता. निसर्गात निवडणारा माणूस नसतो. दुष्काळ असतो, थंडी असते, रोग असतो, खाणारा असतो. जो तगला त्याचे बी पुढे गेले. उथळ, चिखलाच्या पाण्यात ज्या माशांचे पर जरा बळकट होते ते तगले, त्यांची पिल्ले तशीच. असे लाखो पिढ्या. अशा मधल्या अवस्थेतल्या माशाची हाडे, मनगटासारख्या सांध्यासकट, कॅनडाच्या उत्तर टोकाला २००४ साली सापडली, साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीची.

हे सर्व मी मुलांना चित्रपटानंतरच्या दुसऱ्या तासाला सांगणार होतो. जुने, चुकलेले चित्र आधी दाखवायचे, मग एकेक ठिकाणी थांबवून ‘येथे काय चुकले’ ते त्यांच्याकडूनच काढायचे, अशी माझी पद्धत. आजही मला ती बरोबर वाटते. पण तिच्यात एक खोट निघाली.

दुसरा तास शुक्रवारी ठेवला होता. बुधवारी रात्री त्या मुलाची टोळी दुसऱ्या गटात हलली. फड संपला, गाड्या भरल्या आणि पहाटे कोप मोडून निघून गेले. टोळीच्या बाबतीत हे नित्याचेच आहे, त्याचा दोष मी कोणाला देत नाही. पण कॉलनीच्या मुलांना चूक आणि दुरुस्ती दोन्ही मिळाले आणि त्याला फक्त चूक मिळाली. तो मुलगा आजही हेच धरून बसला असेल की ते सगळे प्राणी पाण्यावाचून मेले. त्याला ते पटायला कुणाच्या पुराव्याची गरजच नव्हती. आणि ‘माणूस कुठंय’ या त्याच्या प्रश्नावर मी “शुक्रवारी सांगतो” म्हटले होते.

त्यामुळे येत्या हंगामासाठी शाळा समितीने माझी विनंती मान्य करून काही बदल ठरवले आहेत. चित्रपट जानेवारीत न दाखवता मोळी टाकल्यानंतर पंधरा दिवसांत दाखवला जाईल, टोळ्या स्थिर असतील तेव्हा. चूक कुठे आहे ते त्याच संध्याकाळी, त्याच सतरंजीवर सांगितले जाईल. सुतळी दोन संच करून ठेवली आहे, खुणेच्या रंगीत चिंध्या बांधून. त्यातला एक संच त्या टोळीच्या मुकादमांकडे, सोबत चार ओळींची चिठ्ठी देऊन, शेतकी खात्यामार्फत पोचवला आहे. चिठ्ठीत तीन मिलिमीटरची जागा शाईने दाखवली आहे. पोचल्याचे कळले, उत्तर अजून नाही.

म्हातारबांची विहीर पाहण्यास गेल्या मार्चमध्ये मुले गेली होती. पाणी खाली गेलेले असल्याने पट्टा स्पष्ट दिसला. त्यांनी स्वतः टेप सोडून मोजून घेतला. बत्तीस नव्हे, चौतीस फुटांवर निघाला. म्हातारबांना ते मान्य नाही. बापाच्या वेळी जमीन दोन फूट खाली होती, नंतर गाळ घातला, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते बरोबर असण्याचा संभव आहे. ज्या सभासदांच्या विहिरीत असा तांबडा पट्टा असेल त्यांनी गट ऑफिसमध्ये खोली लिहून द्यावी. कार्यक्षेत्राच्या नकाशावर खुणा करून पट्टा एकच आहे की दोन आहेत ते मुले तपासणार आहेत. खोली जमिनीपासून मोजावी, कठड्यापासून नव्हे. पायऱ्या नसलेल्या विहिरीत मुलांस उतरू दिले जाणार नाही, याची पालकांनी खात्री बाळगावी.